आवाज आला की माणसं आली

15 जुलै 2025, आषाढातली दुपार. मुलुंडच्या एका घरात जेवणं आटोपून सगळे टीव्हीसमोर बसले होते. अंतराळवीर शुभांशु शुक्ला आणि त्यांच्या तीन सहप्रवाशांची, अंतराळ स्थानकातून परतणारी कुपी थोड्याच वेळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरणार होती. त्या घरची मुलगी सॅन डिएगोत राहते. तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. झोपण्यापूर्वी तिनं आईला मेसेज टाकून ठेवला होता: रात्री अडीचच्या सुमारास इकडे मोठा आवाज होऊ शकतो, यान येताना होतो तसा, आधीच कळवलंय सगळ्यांना, तू उगाच काळजी करू नकोस. आईनं तो मेसेज दोनदा वाचला आणि शेजारच्या काकांना विचारलं, "अहो, आवाज होणार आणि घाबरायचं नाही, इथवर समजलं. पण खरंच वर काही फुटलं, तर तो आवाज वेगळा असतो का? अंथरुणात पडल्यापडल्या तिला कळायचं कसं?"

तीन वाजून एक मिनिटानं कुपी पाण्यात टेकली, टाळ्या वाजल्या, चहा झाला. प्रश्न मात्र तिथेच राहिला. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही आणि तो अडाणीपणाचाही नव्हता. तिकडच्या सूचनेत आवाज होणार एवढं होतं. तो आवाज सुखरूप असल्याचा कसा ओळखायचा, हे नव्हतं.

मुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. या शहरात आवाजाला कारण चिकटवल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही. सुतळी बॉम्ब असेल तर तो दोन इमारतींच्या भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे त्याला शेपूट असतं. ट्रान्सफॉर्मर उडाला की आवाजापाठोपाठ पंखा थांबतो. सिलिंडर फुटला तर धूर आणि आरडाओरड एकाच दिशेनं येते. खाणीतल्या सुरुंगाआधी भोंगा वाजतो. पावसाळ्यातला गडगडाट लांबवरून गुरगुरत येतो आणि लांबवर विरत जातो. 12 मार्च 1993 अनुभवलेल्या पिढीचा कान तर याहून निराळा, तो आधी मोजतो की पाठोपाठ दुसरा येतोय का. त्याहून जुन्या घरांतून 14 एप्रिल 1944ची आठवण पुढच्या पिढ्यांना सांगितली गेली आहे. व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या घेऊन उभं असलेलं फोर्ट स्टिकीन जहाज दुपारी चारनंतर फुटलं तेव्हाची. त्या हादऱ्याची नोंद थेट शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. कोयनेच्या भूकंपानंही 11 डिसेंबर 1967च्या पहाटे अर्धी मुंबई अंथरुणातून उठवली होती. या शहरानं ऐकलेले मोठे आवाज बहुतेक वेळा काहीतरी गेल्याचे आहेत. काहीतरी परत आल्याचा मोठा आवाज आपल्या कानाच्या ओळखीचाच नाही.

म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला करू. यान किंवा विमान ध्वनीचा वेग ज्या क्षणी ओलांडतं त्याच क्षणी एकदा धमाका होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. जोवर एखादी वस्तू हवेत ध्वनीपेक्षा वेगानं जाते आहे, तोवर ती सतत धक्कालहर सोडत असते. गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचच्या मागे पाण्याची इंग्रजी व्ही अक्षरासारखी घडी पसरत जाते. लाँच पुढे निघून जाते आणि लाट मागाहून धक्क्याला लागते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पायरीला ती एकदाच लागते, पण लाँच चालू आहे तोवर ती तयार होतच असते. हवेत हीच घडी शंकूच्या आकाराची होते. वेग ध्वनीच्या दुप्पट असेल तर शंकूचा अर्धकोन 30 अंशांचा, पाचपट असेल तर साधारण साडेअकरा. शंकूची कड जिथून सरकत जाते तिथल्या प्रत्येकाला एकेक धक्का बसतो. ज्यांच्यावरून ती गेलेली नाही त्यांना काहीच ऐकू येत नाही, आणि यानाच्या आत बसलेल्यांनाही नाही. जमिनीवर या पट्ट्याची रुंदी मोजायचा एक ढोबळ नियम आहे: दर 1,000 फूट उंचीमागे साधारण एक मैल. म्हणजे 50,000 फुटांवरून जाणाऱ्या वस्तूचा आवाज सुमारे 80 किलोमीटर रुंद पट्ट्यात पोचतो. विरारपासून पनवेलपर्यंतची सरळ रेषा त्यात सहज मावेल.

हा आवाज दोनदा का येतो, हेही यातच आहे. धक्कालहर वस्तूच्या पुढच्या टोकापाशी एक आणि मागच्या टोकापाशी एक, अशी दोन ठिकाणी घट्ट होते. पुढची लहर येते तेव्हा हवेचा दाब एकदम चढतो. मग तो सरळ रेषेत उतरत नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो आणि मागची लहर आली की झटक्यात मूळ पातळीवर येतो. कान हळूहळू होणारा बदल ऐकत नाही, झटका ऐकतो. झटके दोन, म्हणून आवाज दोन. अमेरिकेचं स्पेस शटल साधारण 37 मीटर लांब होतं. त्याच्या दोन धमाक्यांत जवळजवळ अर्धा सेकंद जायचा, त्यामुळे ते स्पष्ट वेगळे ऐकू यायचे. लढाऊ विमानाच्या बाबतीत हे अंतर सेकंदाचा दहावा हिस्सा एवढंच असतं आणि पुष्कळांना ते एकच वाटतं. शुभांशु ज्यातून आले ती ड्रॅगन कुपी तर आणखी आखूड. तिचे दोन झटके कानात एकमेकांना चिकटतात आणि जाडसर, एकाच ठोक्याचा आवाज येतो.

आता आकडे, कारण भीती बरीचशी आकड्यांच्या अभावातून येते. शटल 60,000 फुटांवर ध्वनीच्या दीडपट वेगात असताना जमिनीवर पोचणारा जादा दाब सुमारे 60 पास्कल होता. ध्वनीपेक्षा वेगानं जाणारं प्रवासी विमान कॉन्कॉर्ड 52,000 फुटांवर, दुप्पट वेगात: सुमारे 93. हवेचा नेहमीचा दाब एक लाख पास्कलच्या थोडा वर, त्यामुळे 60 म्हणजे हजारात एक हिस्साही नाही. इमारतीच्या लिफ्टमधून दीड-दोन मजले खाली आलं की कानावरचा दाब तेवढाच वाढतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. फरक वेळेचा आहे. लिफ्टला काही सेकंद लागतात, धक्कालहरीला काही सहस्रांश सेकंद.

खिडकीचंही गणित करून पाहावं. चार फूट बाय पाच फूट काचेवर 60 पास्कल म्हणजे साधारण अकरा किलोचा दाब. ताशी 36 किलोमीटरचा वारा समोरून काचेवर आला तर तो जवळपास तेवढाच रेटतो. झटक्यानं बसणाऱ्या धक्क्याचा परिणाम दुपटीपर्यंत धरला, तरी तो ताशी पन्नासेक किलोमीटरच्या झोताएवढा होतो. जुलै महिन्यात मालाड-मार्व्याच्या खिडक्या असे झोत खातच उभ्या असतात. मुंबईत इमारतींचा आराखडा करताना बांधकामाच्या मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे हजार पास्कलच्या वरचा हिशेब. तेव्हा धडधाकट काच यानाच्या आवाजानं फुटण्याचं कारण नाही. फुटते ती आधीच केसाएवढी तडा गेलेली, फ्रेममध्ये एका कोपऱ्यावर ताण देऊन बसवलेली, किंवा दुकानाची भली मोठी सलग काच. स्लायडिंग खिडकीचं रबर वाळून गळालं असेल, लॉक सैल असेल, तर पल्ला फ्रेमवर आपटतो आणि त्या आपटण्यानं कोपरा उडतो. जुन्या चाळीत छताच्या स्लॅबचा गिलावा आधीच सुटून लोंबत असेल, तर तो खाली यायला एवढं निमित्त पुरतं. अशा वेळी दोष आवाजाच्या पदरात पडतो, काम मात्र पावसाळ्याआधी व्हायला हवं होतं.

झोप मोडते ती मात्र या आकड्यांना न जुमानता.

याची कारणं वेगळी आहेत आणि मला ती दाबापेक्षा महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे या आवाजाला 'आधी' नसतं. विमान उतरताना त्याची घरघर वाढत येते, लोकल येण्याआधी रूळ बोलतात, ढग दोनदा चमकून सांगतात. ध्वनीपेक्षा वेगानं येणारी वस्तू आपल्या आवाजाच्या पुढे असते, म्हणून तिची चाहूल लागतच नाही. शांततेला लागूनच कमाल पातळी येते. झोपलेलं शरीर अशा झटक्याला विचार करायच्या आत दाद देतं, पापण्या मिटतात, खांदे वर येतात, छाती धडधडते. जाग नंतर येते. त्यामुळे माणूस उठतो तेव्हा आवाज संपलेला असतो आणि हाती उरते फक्त धडधड. आवाज कसा होता हे त्याला नीट सांगता येत नाही. दुसरं म्हणजे या लहरीतली पुष्कळशी ऊर्जा कानाला ऐकू न येणाऱ्या, फार खालच्या पट्टीत असते. ती भिंती, दारं, काचा आणि मांडणीवरची स्टीलची भांडी हलवते. बाहेर उभ्या माणसाला कोरडा, तुटक ठोका ऐकू येतो. घरात मात्र दबका दणका आणि पाठोपाठ सगळ्या घराची थरथर. ही थरथरच जास्त घाबरवते, कारण धोका घरात शिरल्यासारखा वाटतो. तिसरं कारण रात्रीचं. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा खळबळत असते, ती लहरीची धार बोथट करते किंवा वेडीवाकडी करते. रात्री खालची हवा स्थिर असते, धार शाबूत पोचते, आणि तिला झाकायला रस्त्यावरची रहदारीही नसते.

मग हा आवाज रात्री अडीच वाजताच का? कारण उतरण्याची वेळ कुणाच्या झोपेवर ठरत नाही. अंतराळ स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं आणि खाली पृथ्वी फिरत असते. ठरलेल्या समुद्रावरून मार्ग जाईल अशा मोजक्याच वेळा मिळतात. त्यातही लाटा आणि वारा मर्यादेत हवा, पाऊस आसपास नको. 15 जुलैला हे सगळं तिथल्या 2 वाजून 31 मिनिटांना जुळलं. कॅलिफोर्नियाच का, हेही जाणून घेण्यासारखं आहे. आधी ड्रॅगन कुप्या फ्लोरिडाभोवतीच्या समुद्रात उतरत. त्या वेळी कुपीच्या मागचा दंडगोल, ज्याला ट्रंक म्हणतात, तो वेग कमी करण्याच्या प्रज्वलनाआधीच सोडून द्यावा लागे. तो काही महिन्यांनी कुठेही कोसळायचा. त्याचे तुकडे ऑस्ट्रेलियात, कॅनडात, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात जमिनीवर सापडले. म्हणून 2025पासून उतरणं पश्चिम किनाऱ्यावर आणलं. आता प्रज्वलन होईपर्यंत ट्रंक जोडलेली राहते आणि तिचे अवशेष निर्मनुष्य प्रशांत महासागरात पडतात. कुठल्यातरी अनोळखी शेतात धातूचा तुकडा पडू नये याची किंमत सॅन डिएगोच्या माणसांनी काही रात्रींच्या झोपेनं मोजली आहे. मला हा सौदा बरोबर वाटतो, पण ज्यांची झोप गेली त्यांना तो समजावून सांगायलाच हवा.

त्या दुपारचा क्रम असा होता. भारतीय वेळेनुसार दोन वाजून गेल्यावर कुपीनं उलट्या दिशेनं इंजिनं पेटवली आणि ताशी सुमारे 27,000 किलोमीटर वेगातून थोडासाच वेग कमी केला. बाकीचं सगळं हवेवर सोडायचं असतं. या वेगात प्रत्येक किलो वजनामागे सुमारे 2 कोटी 80 लाख ज्यूल ऊर्जा असते आणि ती अर्ध्या तासाच्या आत कुठेतरी टाकावी लागते. बहुतेक सगळी ऊर्जा कुपीपुढची हवा तापवण्यात जाते; उष्णतारोधक कवचाबाहेर 1,900 अंश सेल्सियसच्या आसपास तापमान होतं, भोवती तप्त वायूचं आवरण तयार होतं आणि काही मिनिटं संपर्क तुटतो. ही मिनिटं टीव्हीवर कंटाळवाणी दिसतात. नियंत्रण कक्षात कुणी खुर्चीत मागे टेकत नाही. इतक्या वर हवा विरळ असल्यामुळे तिथला धक्का जमिनीपर्यंत फारच क्षीण पोचतो. खाली, दाट हवेत, वेग ध्वनीच्या काही पटींवर आला की लोकांना ऐकू येणारी लहर तयार होते. कुपी मंदावत जाते तसा तिचा शंकू उघडत जातो, आणि ती ध्वनीपेक्षा हळू झाली की लहर तिला मागे टाकून एकटीच पुढे जाते. पंधरा किलोमीटर उंचीवरून तिला जमिनीवर यायला पाऊण मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून आवाज आधी पोचतो आणि कुपी मागून. पावणेसहा किलोमीटरच्या आसपास दोन छोट्या छत्र्या उघडतात, दोन किलोमीटरच्या आसपास चार मोठ्या, आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या जवळपास वेगानं ती पाण्यावर टेकते. ठोका ऐकून दचकून उठलेला माणूस घड्याळात बघतो, पाणी पितो, कूस बदलतो, त्या वेळी वर ते चौघे अजून छत्र्यांना लटकत खाली येत असतात.

आपल्याकडे याच्या उलट रात्र होऊन गेली आहे. 2007च्या जूनमध्ये सुनीता विल्यम्स अटलांटिस शटलमधून परतल्या तेव्हा फ्लोरिडातल्या खराब हवेमुळे शटल कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर उतरवलं. तिथे भर दुपार होती, 22 तारीख. इथे 23 जून, मध्यरात्रीनंतर 1 वाजून 19 मिनिटं. तिकडे ते जोड-धमाके जागेपणी ऐकले गेले आणि इकडे लोक झोप बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसले होते. त्या रात्री इतकं अस्वस्थ वाटण्याचं कारण प्रत्येकाला माहीत होतं.

1 फेब्रुवारी 2003, शनिवार. कल्पना चावला आणि सहा सहकारी कोलंबियातून फ्लोरिडाच्या केनेडी केंद्रावर उतरणार होते. उतरण्याची वेळ तिथली सकाळी 9 वाजून 16 मिनिटं, आपली संध्याकाळची पावणेआठ. धावपट्टीजवळ घरची माणसं उभी होती. शटल येताना आधी दिसत नाही, आधी ऐकू येतं. उतरण्याच्या तीन-चार मिनिटं अगोदर दोन ठोके पडतात आणि मग सगळे मान वर करून शोधू लागतात. घड्याळ त्या मिनिटांवर आलं, पुढे गेलं. ठोके पडले नाहीत. नियंत्रण कक्षातला संपर्क त्याआधीच तुटला होता, पण धावपट्टीवर उभ्या असलेल्यांना ही बातमी न झालेल्या आवाजानं दिली. आणि तिथून शेकडो मैलांवर, पूर्व टेक्सासमध्ये, शनिवारच्या सकाळी लोकांची घरं हादरली होती. तिथे एक-दोन स्वच्छ ठोके नव्हते. लांबत जाणारा, गडगडत राहणारा, थांबतोय म्हणेपर्यंत पुन्हा उठणारा आवाज होता.

मुलुंडच्या त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एक सलग वस्तू एकच शंकू ओढत नेते. तिचा आवाज एक किंवा दोन ठोक्यांत संपतो आणि त्यानंतर काहीच नसतं. वस्तूचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा आपला वेगळा शंकू घेऊन, वेगळ्या वेगानं, वेगळ्या उंचीवर निघतो. ते सगळे धक्के पुढेमागे येऊन पोचतात आणि त्यांची मिळून गडगड होते. डोंगराळ भागात प्रतिध्वनी मिसळतो, ढगांच्या गडगडाटाशी घोटाळा होऊ शकतो, हे मान्य. तरी अंथरुणातल्या माणसाला पुरेल एवढा हा फरक आहे: ठरलेल्या वेळी, आखूड आणि स्वच्छ असेल, तर वर सगळं एकसंध आहे. कलंडून पुन्हा झोपावं.

एवढं असलं तरी झोपणाऱ्याची बाजू मी हलकी धरणार नाही. ओक्लाहोमा शहरावर 1964 साली अमेरिकी सरकारनं मुद्दाम हा प्रयोग करून पाहिला. 3 फेब्रुवारीपासून सहा महिने, रोज आठ, सकाळी सातपासून, एकूण 1,253 धमाके. पहिल्या चौदा आठवड्यांतच शहरातल्या दोन सर्वांत उंच इमारतींच्या 147 काचा गेल्या, सगळ्या प्रयोगात मिळून पंधरा हजारांहून जास्त तक्रारी आल्या, आणि आपल्याला याची सवय होणार नाही असं सांगणारे चारातला एक भरले. त्यानंतर 1973मध्ये तिथे जमिनीवरून ध्वनीपेक्षा वेगानं प्रवासी विमानं नेण्यावर बंदी आली. भारतानंही कॉन्कॉर्डला आपल्या हवाई हद्दीत तो वेग घेऊ दिला नाही. लंडन-सिंगापूर सेवा न परवडण्यामागचं ते एक कारण होतं. योग्यच केलं. काही श्रीमंत प्रवाशांचे तीन-चार तास वाचावेत म्हणून खालच्या गावांनी रोज दचकावं, हे न्यायाचं नाही. वर्षातून मोजक्या वेळा, माणसं जिवंत परत आणताना होणारा आवाज त्या रांगेत बसत नाही. पण फरक आवाजात नाही, कारणात आहे, आणि कारण लोकांना आधी कळवलं तरच तो फरक त्यांच्यापर्यंत पोचतो. बेंगळुरूत 20 मे 2020च्या दुपारी काय झालं ते आठवावं. टाळेबंदीतलं शांत शहर, एकदम दणका, खिडक्या थरथरल्या. भूकंप, स्फोट, सगळ्या शंका झाल्या. वायुदलाच्या विमानाचं नेहमीचं चाचणी उड्डाण होतं, हे नंतर जाहीर झालं. ओझरच्या आसपासच्या गावांना सुखोईची थोडीफार सवय आहे. ते वर बघतात आणि कामाला लागतात. माहिती असली की छाती कमी धडधडते, एवढं साधं आहे.

आकाशातून येणारं सगळंच सांगून येत नाही, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 2 एप्रिल 2022च्या संध्याकाळी विदर्भापासून पश्चिमेकडे पुष्कळ ठिकाणांहून जळती रेघ दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज. अशी रेघ दिसली की आपण सगळे मोबाइल घेऊन खिडकीशी जातो, आणि नेमकं तेच करू नये. 15 फेब्रुवारी 2013ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली. आधी सूर्याहून प्रखर उजेड. लोक काय झालं बघायला काचांपाशी गेले. धक्कालहर शहरात पोचायला दोन मिनिटांहून जास्त लागली, तोवर ते तिथेच उभे होते. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. तो धक्का यानाच्या आवाजाच्या कित्येक पट मोठा होता, त्याच्याशी बरोबरी नाही. पण सवय एकदा लावून घेतलेली बरी: आकाशात मोठा उजेड दिसला तर काचेपासून लांब, आतल्या भिंतीशी, निदान तीन मिनिटं.

हे सगळं मुंबईत बसून का लिहायचं, तर गगनयानसाठी, भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी. तीन जणांपर्यंतची कुपी भारताच्या समुद्रात उतरवायची योजना आहे. बंगालचा उपसागर असो की अरबी समुद्र, शंकूखाली कुणीतरी असणारच. समुद्रावर बोटी असतात, आणि बोटीवरच्या माणसाला आपली खिडकी हलली की आकाश फाटलं हे विचारायला शेजारी नसतो. ससून डॉक, वर्सोवा, अर्नाळ्याच्या नाखव्यांना मासेमारीबंदीच्या क्षेत्राची सूचना मिळेलच, तीत चार ओळी जास्तीच्या हव्यात, आणि त्या किनाऱ्यावरच्या घरांनाही पोचायला हव्यात. तारीख, आणि वेळ मिनिटासकट, मागेपुढे दहा मिनिटं धरून. एक किंवा दोन आखूड ठोके, सेकंदाच्या आत संपणारे. जमीन हलणार नाही, पंखा झुलणार नाही, काच आणि दार वाजेल. अग्निशमन दलाला फोन लावू नये, ती लाइन खऱ्या आगीसाठी मोकळी राहू दे. तडा गेलेल्या काचेवर आदल्या दिवशी चिकटपट्टी लावावी, बाळाचा पाळणा आणि आजारी माणसाची खाट खिडकीपासून हात-दोन हात सरकवावी, कुत्रं घरात घ्यावं. वेळ रात्रीची असेल तर इस्पितळांना आणि वृद्धाश्रमांना वेगळं कळवावं. गडगड लांबली तर काय समजायचं, हेही न लपवता लिहावं; लोक तेवढं सोसू शकतात. आणि तिकडच्या सूचनांत सहसा राहून जाणारी गोष्ट, दुसरा मेसेज. कुपी पाण्यावर टेकून दार उघडलं की त्याच नंबरांवर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत: मघाशी ज्यानं तुम्हाला उठवलं तो आवाज यांचा होता, सगळे बाहेर आले आहेत.